मधल्याची जागा

धारूरच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरायला लागल्या की गिऱ्हाईक काय मागतंय ते मला एकदा सांगून कळत नाही. साखर मागितली तर मी रव्याच्या पोत्यात हात घालतो. बायको म्हणते, ‘आलं का वारं अंगात?’ वारं कसलं, हंगाम येतो अंगात! डोंगरावर तरवड पिवळा होतो, घटाच्या माळेसाठी बाया कारळाची फुलं हुडकत फिरतात, खळ्यावरच्या बाजरीचा भुसा वाऱ्यावर उडत थेट दुकानात येतो. मी शिंकत शिंकत पुडे बांधतो आणि मनात एकच घोकत असतो, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भानुदासची मेंढरं घाट उतरणार.

यंदा त्यात आणखी भर पडली. अष्टमीला सकाळी दुकान उघडून देवापुढं उदबत्ती लावली, फोन हातात घेतला, तर बातमी: आमच्या मधल्यानं खेळणं सोडलं.

मधला म्हणजे चेक देशातला एक फुटबॉलपटू. मिडफिल्डर. त्याचं खरं नाव मला वीस वर्षांत एकदाही सरळ म्हणता आलेलं नाही. सगळी व्यंजनंच, स्वर कुठंतरी चिमूटभर टाकलेला. भानुदासनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं. गोल करणारे पुढं, अडवणारे मागं, आणि हा मधे, म्हणून मधला. आमच्याच वयाचा आहे. आता आमची चाळिशी, म्हणजे त्याचीही. कामगार बापाचा पोरगा, लहान गावातून निघाला, आधी त्यांच्या राजधानीतल्या क्लबात, मग जर्मनी, मग इटली, मग तुर्कस्तान, आणि शेवटची दोन-चार वर्षं पुन्हा आपल्या गावच्या संघात. जगात त्याला ओळखणारे कमी. धारूरमध्ये दोन. त्यातला एक मी आणि दुसरा भानुदास, जो वर्षातले सात-आठ महिने धारूरमध्ये नसतोच.

पहिल्यांदा त्याला आम्ही अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. जून महिना होता. तिन्हीसांजेची मॅच, आणि मधेच लाईट गेलेली. आली तेव्हा खेळ संपत आला होता आणि एक काटकुळा पोरगा नुकताच मैदानात उतरला होता, केस डोळ्यांवर. भानुदास पायरीवर बसला होता, खांद्यावर घोंगडी, कारण त्याला परत वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, जायचं होतं. पाचच मिनिटं त्यानं बघितलं असेल.

‘ह्यो मेंढरं राखलेला हाय,’ तो म्हणाला.

मी हसलो. ‘कावून बे? काठी दिसली का त्याच्या हातात?’

‘हास तू. बॉल त्याच्याकडं यायच्या आदी त्यो मागं बघतो. दोनीकडून. मानंकडं बघ त्याच्या.’

मी बघितलं, आणि खरंच. चेंडू अजून दुसऱ्याच्या पायात, आणि याची मान डावीकडून मागं, उजवीकडून मागं. चेंडू आला तेव्हा कुठं द्यायचा ते याचं आधीच ठरलेलं. थांबणं नाही, गोंधळ नाही. मी मैदानावर भानुदासलाही असंच करताना पाहत आलो होतो, पण ते ‘खेळणं’ आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. मला वाटायचं, याची मानच जरा हलकी आहे.

कळपाचं असं असतं. रस्त्यानं मेंढरं चालवायची तर तीन माणसं लागतात. एक पुढं, त्याच्या हाकेवर मेंढरं चालतात. एक मागं, लंगडी, दमलेली, नुकती व्यालेली असतील ती हाकणारा. आणि एक मधे. मधल्याला नुसतं बघायचं काम, असं आम्हा दुकानदारांना वाटतं. पण मेंढराची जात अशी की एक जिकडं वळलं तिकडं मागची सगळी वळतात. खड्डा का विहीर ते विचारत नाहीत. पुढचा माणूस पुढं निघून गेलेला, मागचा मागं. अशा वेळी कळप मधूनच फाटतो. तो फाटू न देणं हे मधल्याचं काम, आणि त्याला ते फाटायच्या आधी दिसावं लागतं. भानुदास आठव्या वर्षापासून मधे चालत होता.

आम्हाला फुटबॉल शिकवला मुजावर सरांनी. शाळेत पी.टी.चे सर, स्वतः कधीकाळी हैदराबादला खेळून आलेले. किल्ल्याच्या बाजूला एक मुरमाड मैदान होतं, तिथं पडलं की गुडघा सोलून निघायचा. मला सर म्हणायचे, ‘मन्मथ, तू दुकान में बैठने वाला है, गोल में खडा रह.’ खडा राहिलो. दहावीपर्यंत आणि पुढंही. गोलकीपरला सगळ्यांच्या पाठी दिसतात. मला भानुदासची पाठ दिसायची आणि दर थोड्या वेळानं त्याचं अर्धं तोंड. ते तोंड वळलं की मला धीर यायचा. अजून येतो.

पण त्याचा हंगाम फक्त पावसाळा. मेंढरं गंगथडीला, म्हणजे खाली गोदावरीच्या काळ्या रानांत उतरली की तोही गेला. आणि स्पर्धा असायच्या हिवाळ्यात! म्हणजे आमचा सगळ्यात चांगला खेळाडू खऱ्या स्पर्धेत कधी खेळलाच नाही. दरसाल आम्ही त्याच्याविना हरायचो आणि जूनमध्ये तो आला की त्याला हरल्याच्या गोष्टी सांगायचो. तो ऐकून म्हणायचा, ‘मी असतो तर तिथं दिला नसता पास.’ आम्ही चिडायचो. चिडायचो कारण ते खरं असायचं.

मधल्याला टीव्हीवर पाहिला त्याच वर्षी अंबाजोगाईला नवरात्रात सामने ठेवले होते. पहिल्यांदाच पावसाळ्याला लागून! आम्ही एकेक सामना जिंकत गेलो. शेवटचा सामना आला नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मेंढरंही निघणार होती त्याच दिवशी. सोनं लुटलं, घरी ओवाळून घेतलं, की सकाळी कळप हलला पाहिजे. ही त्यांची रीत. खालच्या शेतकऱ्यांना शब्द दिलेला असतो, रानं मोकळी झालेली असतात.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला म्हणून मी त्यांच्या वाड्यावर गेलो. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, आणि आईच्या, म्हणजे मावशीच्या, पाया पडलो, सोनं दिलं. मग भानुदासला बाजूला घेतलं.

‘उद्याचा दिस थांब,’ मी म्हणालो. ‘आबा आन् मावशी नेतील मेंढरं. एक दिसाचा तर घाट हाय. तू मागून गाठ.’

त्यानं आबांकडं बघितलं. आबा घोड्यावरच्या सामानाची दोरी चाचपून बांधत होते. चाचपून, हे मला आज दिसतं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांनी तो घरात कुणाला कळू दिला नव्हता. त्या दिवशी मला फक्त अंबाजोगाईचं मैदान दिसत होतं.

भानुदास थांबला.

त्या सामन्यात तो जसा खेळला तसा मी नंतर कुणाला खेळताना पाहिलेलं नाही, मधल्यालासुद्धा नाही. ही माझी दोस्ती बोलत असेल. असू दे. संपायला थोडा वेळ राहिला होता. त्यानं एकदा डावीकडं मान वळवली, सगळे डावीकडं धावले, आणि त्यानं न बघता उजवीकडं चेंडू सारला. गोल! मुजावर सर मैदानात धावत आले आणि चप्पल तिथंच विसरले.

गुलाल उधळणं चालू असताना धारूरचा एक जीपवाला आला. सकाळी घाटात मेंढरं खाली गेली होती. आबा पुढं, मावशी मागं घोड्याबरोबर, मधे कुणी नाही. वळणावर समोरून ट्रक आला, मधलं एक मेंढरू बुजून कठड्याच्या फटीतून उतरलं, आणि त्याच्यामागं सगळी रांग. आबांना आवाज ऐकू आला, दिसलं काही नाही. ते आवाजाच्या दिशेनं दरीत उतरायला गेले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं.

भानुदास तसाच निघाला, अंगावर गुलाल, पायात बूट. मी म्हणालो, मी येतो. पण तेवढ्यात कुणीतरी शिल्डबरोबर फोटो काढायला हाक मारली. मला वाटलं, फोटो झाला की लगेच निघू. तो फोटो अजून शाळेच्या ऑफिसात आहे. त्यात मी शिल्ड धरून उभा आहे आणि माझ्या शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी आहे.

किती मेंढरं गेली, हे मी त्याला एकदाच विचारलं. त्यांच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. तोंडं बघतात. तो म्हणाला, ‘बांडी गेली. काळतोंडी गेली. कानी आन् तिचं कोकरू.’ असा तो बराच वेळ सांगत राहिला. एखाद्या आकड्याला मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आबा नंतर कळपाबरोबर कधी चालले नाहीत. भानुदास मधून पुढं गेला. पुढच्या माणसाला पावसाळाही मोकळा नसतो. रानं बघायची, खालच्या लोकांना भेटायचं, आजारी जनावरं बघायची. पुढच्या जूनला मी मैदानावर वाट बघितली. तो दुकानात आला, मीठ घेतलं, मेंढरांवर खूण करायला पिवडी घेतली, पिशवीतून बूट काढून काउंटरवर ठेवले, आणि म्हणाला, ‘मन्मथ्या, बूट तुज्याकडंच ऱ्हाऊ दे.’

आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. आम्ही मधल्याबद्दल बोललो. वीस वर्षं! खाली गंगथडीला कुठंतरी उसाच्या फडाशेजारी मेंढरं बसवलेली असायची, आणि दुपारच्या वेळी त्याचा फोन यायचा. ‘मधल्याचं काय चाललंय?’ मी सांगायचो. जर्मनीत गेला. आता बाकावर बसवलाय. आता खेळवतात. लग्न केलं. पोरगी झाली. तो ‘बरं’ म्हणायचा. मी ‘आबांची तब्येत?’ म्हणायचो. तो ‘हाय’ म्हणायचा. तेवढ्यावर सहा महिने निघायचे. आबा वारले तेव्हा मी गेलो, राख सावडली, पण त्या दिवशीसुद्धा जे बोलायचं ते गिळलं.

आणि त्या मधल्याचाही पाय मोडावा? जर्मनीत त्यांचा मोठा अंतिम सामना होता. याचा घोटा आधीच दुखावलेला, पट्टी बांधून उतरला, अर्धा खेळ खेळला आणि घोटा गेला. वर्षभर घरी. त्या क्लबानं पुन्हा घेतला नाही. मग इटलीत थोडे दिवस, मग तुर्कस्तान. पण आधीची धाव गेली ती गेलीच. वर्तमानपत्रवाल्यांनी कोचला धारेवर धरलं. मी तर त्या कोचला इतक्या शिव्या दिल्या की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वाटावं, याचा भाऊबंद असावा. शिव्या खरं तर कुणाला चालल्या होत्या, ते मला ठाऊक होतं.

तर यंदा अष्टमीला ही बातमी. भानुदास दुपारी दुकानात आला. केस पांढरे, मिशी अजून काळी. त्याचा त्याला गर्व आहे. पायरीवर त्याच जागी बसला. मी फोन त्याच्या हातात दिला. शेवटच्या सामन्याचा फोटो होता. लहानसं मैदान, लाकडी बाकं, शंभरेक माणसं, आणि मधला हात वर करून उभा. पोट जरा सुटलंय त्याचंही.

भानुदासनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मधल्याला बाजूला सारून तो मैदानाच्या मागच्या टेकडीवर गेला.

‘ती मेंढरं हायत का बे?’

होती. चार-दोन पांढरे ठिपके. तो हरखला. ‘म्या म्हनलं हुतं न्हाई का! आन् तू हासत हुतास. लोकर बघ, दाट हाय. पन बसून खानारी हायत, चाल न्हाई ह्यांना.’

मग मी त्याला मधल्याची सगळी कारकीर्द एका पानावर दाखवली. कुठल्या साली कुठं, किती सामने, किती मिनिटं.

‘मिनटं बी मोजत्यात?’ त्यानं तोंड वाकडं केलं. ‘नजर लागायची. म्हनूनच घोटा ग्येला त्याचा.’

‘नजरेनं नाही गेला,’ मी म्हणालो. आणि रोजची टेप लावली. ‘त्या कोचनं घालवला. दुखता पाय घेऊन उतरवायचा का? त्याला शिल्ड पाहिजे होतं. पोराचं सोनं झालं असतं, माती केली त्यानं.’

भानुदासनं फोन पालथा घालून काउंटरवर ठेवला.

‘मन्मथ्या, त्यो काय शेरडू हाय का? कान धरून न्हेला आन् उतरवला?’

‘तसं नाही, पण कोचनं विचारायलाच नको होतं.’

‘कावून नगं इचारायचं? इचारलं, ह्यो म्हनला हाव. त्याला खेळायचं हुतं. दर डावाला कोच, कोच, कोच! त्या बिचाऱ्यानं कवा म्हनलं का, की मला ढकलला म्हनून?’

माझ्या हातातली सुतळीची गुंडी खाली पडली, घरंगळत पायरीपर्यंत गेली. वीस वर्षं जे गिळलं होतं ते तोंडात आलं. मी म्हणालो, ‘भानुदास, त्या दसऱ्याला मी तुला थांबवायला नको होतं. आबांचा पाय माझ्यामुळं गेला. आणि मी फोटोला थांबलो. तुझ्याबरोबर आलो पण नाही.’

तो मग चक्क चिडला. मी त्याला इतकं चिडलेलं मैदानावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

‘फोटूचं म्हनशील तर चुकलास तू. यायला पायजे हुतास. लई राग हुता त्याचा, दोन-तीन सालं तरी. पन थांबवलंस? तू कोन बे मला थांबवनारा? तू बोलायच्या आदीच माजं ठरलं हुतं. चार दिस मी आबाच्या नजरंला नजर देत नव्हतो. घाटात मधी मानूस लागतंय हे तुला ठाव नव्हतं, मला ठाव हुतं. तरी मी थांबलो. मला खेळायचं हुतं. अख्ख्या जिंदगीत एकदा मी मला पायजे तसं केलं, आन् ते बी तू तुज्या नावावर लावून बसलास व्हय?’

गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला हातानंच थांब म्हणालो.

भानुदासचा आवाज खाली आला. ‘घाटात ग्येलो तवा आबा तितंच दगडाला टेकून बसलं हुतं, मेंढरं सोडून दवाखान्यात जाईनात. पाय असा वाकडा. तवर थोडं दिसायचं त्यास्नी, लाल-पिवळं एवढं कळायचं. माज्या डोक्याकडं बघितलं, हात लावला, बोटाला लागलं ते जवळ धरून बघितलं. म्हनले, गुलाल हाय का रं? जितला का? मी हाव म्हनलो. तर हासले. तसल्या दुखन्यात हासले. मग म्हनले, जा आता, कानीचं कोकरू वरडतंय खाली.’

एवढं बोलून तो उठला, सुतळीची गुंडी उचलून काउंटरवर ठेवली, आणि म्हणाला, ‘दोन किलो मीठ दे.’

मला त्या रात्री झोप लागली, एवढं सांगतो. पण हलकं वाटलं असं म्हणणार नाही. वीस वर्षं मी पश्चात्ताप सांभाळला, त्याला धूप-दीप केला, आणि तो माझा नव्हताच. दुसऱ्याची वस्तू मी देव्हाऱ्यात ठेवली होती. मी म्हणत होतो, मी त्याचं वाटोळं केलं. आणि म्हणता म्हणता त्याचा एकुलता एक दिवस मीच हिसकून घेतला होता. माझ्या वाट्याची चूक होती ती फोटोची. लहान होती म्हणून मला ती पुरली नसावी. माणसाला आपली चूकसुद्धा मोठी लागते, दुसरं काय!

त्या चेक मधल्यालाही कधी पत्र लिहून कळवावं, असं वाटलं, की बाबा, तुझ्या कोचला मी उगाच शिव्या दिल्या, तू उतरलास ते तुझं तू उतरलास. पण नाव कसं लिहायचं तिथपासून अडचण.

दसऱ्याला सोनं द्यायला वाड्यावर गेलो. भानुदास घोड्यावरचं सामान आवळत होता. त्याची बायको, कांता वहिनी, कुत्र्याला भाकरी टाकत होत्या. पोरगा दिसेना.

‘बीडला हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘भरतीची तयारी करतंय. पळायचं असतंय रोज.’

‘मग मधे कोण?’

भानुदास दोरीला गाठ मारत होता.

‘येक दिसाचा तर घाट हाय,’ तो मान न वळवता म्हणाला.

हे कुणाचं वाक्य, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो ते लक्षात ठेवून होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. सणासुदीला दुकान बंद बघून शेजारचा कापडवाला धावत आला, कुणी गेलं का विचारायला. बायकोला म्हणालो, घाटापर्यंत जाऊन येतो. तिनं माझ्या पायाकडं बघितलं. मी भानुदासचे ते बूट घातले होते, वीस वर्षं माळ्यावर पडलेले. कातडं तडकलं होतं आणि मला बोटांत आवळत होते.

ऊन कोवळं होतं. भानुदास पुढं होता, त्याची हाळी ऐकू यायची. वहिनी मागं, घोडं आणि दोन लंगडी घेऊन. मधे मी, हातात काठी, अंगावर दुकानाचा पांढरा शर्ट. मेंढरांचा वास, खुरांचा आवाज, आणि कडेनं तरवड. पहिल्या वळणाला मी नुसता सरळ चाललो. पाठीमागं काहीतरी सुळसुळलं, वळून बघतो तर दोन मेंढरं कठड्याकडं निघालेली. धावलो, काठी आडवी घातली, कशीबशी आत वळवली.

पुढून आवाज आला. त्यानं कसं पाहिलं देव जाणे. बघितलं असणार, यायच्या आधीच बघितलं असणार.

‘गोलात उभा हायस का बे? मान वळव! दोनीकडून!’

मी मान वळवली. डावीकडून मागं, उजवीकडून मागं. घाट संपेपर्यंत वळवत राहिलो. खाली सपाटीला लागलो तेव्हा भानुदास रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि एकेक तोंड बघत मेंढरं पुढं सोडू लागला. सगळ्यात शेवटी मी. त्यानं माझंही तोंड बघितलं.

‘आली समदी,’ तो म्हणाला.